पिकअपला मोठे टायर टाकायचेत, पण गाडीचा 'पिकअप' नाही घालवायचा

द्राक्षाचा सिझन जवळ आला की आमच्या दिंडोरी-निफाड पट्ट्यात निम्म्या लोकांना एकच खाज सुटते, गाडीला मोठे टायर टाकू, बांधावरून खाली घासत नाही आणि दिसायला पण दणकट दिसते. मी पण केलं होतं, आधी हिशोब न करता, दुकानदार म्हणाला बसतंय तर बसवून टाकलं, आणि मग भरलेली गाडी घेऊन सावळघाटात तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावर रडायला लागली. म्हणून आधी कागद-पेन घ्या, मग दुकानात जा.

पहिली गोष्ट, इंजिनची ताकद कुठं जात नाही. पान्याची दांडी लांब असली की नट सहज सुटतो ना, इथं त्याच्या उलटं होतं, इंजिन एक्सलला फिरवतंय आणि टायर जितका उंच तितका जमिनीवरचा जोर कमी. म्हणजे गाडी कायम थोडी वरच्या गियरमध्ये चालल्यासारखी होते.

समजा आत्ता 215/75 R15 आहे. 215 ही रुंदी मिलिमीटरमध्ये, 75 म्हणजे त्या रुंदीच्या 75 टक्के साईडची उंची, 15 इंच रिम म्हणजे 381 मिमी. एकूण उंची 703.5 मिमी. त्याऐवजी 235/75 R15 टाकला तर 733.5. फरक सव्वाचार टक्के, ओढ पण साधारण तेवढीच कमी, हे चालून जातं. पण 31 इंची टाकला तर 787 मिमी, फरक जवळजवळ 12 टक्के, आणि तेच मी केलं होतं 😅 आणि एवढं करून गाडी उचलली किती, तर फरकाच्या निम्मी, कारण एक्सलच्या खाली अर्धाच टायर असतो. 235 ला फक्त 15 मिमी. बांधावर घासण्याचं दुखणं असेल तर आधी सस्पेन्शनचे पाटे दबून बसलेत का ते बघा, बऱ्याचदा आजार तिथंच असतो.

उंचीइतकंच वजन बघा, याकडे कोणीच लक्ष देत नाही. जुना टायर आणि नवा टायर दोन्ही कांद्याच्या काट्यावर ठेवा. मोठ्या गोट्यांचा मड टायर चार-पाच किलो जड निघाला तर ते वजन प्रत्येक वेळी गोल फिरवत उचलायचंय, कॅरेटसारखं नुसतं मागे पडून राहणार नाही. आपला बहुतेक रस्ता डांबरीच आहे, त्यामुळे साधा हायवे पॅटर्न किंवा फार तर ऑल टेरेन. आणि काळ्या मातीत पाऊस पडल्यावर चिखल गोट्यांत असा भरतो की मड टायर काय अन् झिजून गुळगुळीत झालेला टायर काय सारखंच. रुंदी पण उगाच वाढवू नका.

लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, मात्र जुन्यापेक्षा कमी चालणार नाही. 100 म्हणजे एका टायरवर 800 किलो, 104 म्हणजे 900. दिसायला मोठा टायर पण आकडा कमी असं होतं, कारण कारचे टायर वेगळे आणि मालवाहू गाडीचे वेगळे.

आता गेलेला जोर परत कसा आणायचा. पाच टक्क्यांच्या आत फरक असेल तर काही नाही, एअर फिल्टर बदला, क्लच स्लिप होतोय का बघा, हवा बरोबर ठेवा आणि घाटात एक खालचा गियर आधीच टाका. जास्त असेल तर खरा उपाय डिफरन्शियलमध्ये आहे, क्राउन-पिनियन, म्हणजे एक्सल फिरवणारी दातेरी चाकांची जोडी, बदलणं. तिचा जुना रेशो गुणिले नवी उंची भागिले जुनी उंची. 4.10 असेल तर 235 साठी 4.27 लागतो, 31 इंचीला 4.59. तुमच्या एक्सलला तो रेशो मिळतो का ते टायर घ्यायच्या आधी विचारायचं, नंतर नाही. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा दोन्ही बदलावे लागतात, एकच बदलला तर फोर बाय फोर टाकल्याबरोबर दोन्ही एक्सल एकमेकांशी भांडतात आणि ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही एक्सलना ताकद वाटणारा गियरबॉक्स, जातो. रिमॅप, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून, करून देतो म्हणणारे भेटतील, पण रिमॅपने गियरिंग बदलत नाही, जुन्या टर्बोवर आणि क्लचवर ताण तेवढा वाढतो.

बसवल्यावर रिकाम्या गाडीत स्टेअरिंग फिरवून समाधान मानू नका. माल भरून, दोन्ही बाजूंना फुल लॉक, पुढे आणि रिव्हर्स, एक चाक दगडावर चढवून बघा, लायनर किंवा मडफ्लॅपला घासलं तर तिथं खुणा दिसतात. घासतंय म्हणून चाक बाहेर सरकवणारा स्पेसर लावायचा सल्ला मिळेल, तो ऐकायचा नाही, बेअरिंगची वाट लागते. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट परत आवळा.

मीटर आता कमी दाखवणार. 235 वर मीटरला 60 असेल तर खरा वेग साडेबासष्ट, आणि किलोमीटर पण कमी पडतात, त्यामुळे मायलेज गेलं अशी बोंब मारायच्या आधी आकड्यात चार टक्के वाढवून बघा. खडूने टायरवर खूण करून गाडी एक फेरा ढकला आणि टेपने मोजा, जुन्याचं आणि नव्याचं, खरा फरक कळतो.

ब्रेकचं सांगायचं राहिलं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या टायरला थांबवायला ब्रेकला जास्त जोर लागतो आणि इंजिन ब्रेकिंग पण ढिलं पडतं. वाशीला माल घेऊन कसारा उतरताना आधी ज्या गियरमध्ये उतरत होता त्याच्या एक खालचा टाका.

कागदाचं पण बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनमध्ये वाटेल तो बदल चालत नाही, त्यामुळे मॅन्युअलमध्ये किंवा तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला जी साईज दिलीय तिथपर्यंतच जा, तीही आरटीओत आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून. नाहीतर पेठ रोडला पासिंगला गेल्यावर जुने टायर शेजाऱ्याकडून मागून आणायची वेळ येते.

आणि स्टेपनी त्याच साईजची घ्या, पाचवा टायर. चेसिसखालच्या जागेत ती बसते का हे पण दुकानातच बघून घ्या, माझी नव्हती बसली, सहा महिने कॅरेटच्या मध्ये आडवी घेऊन फिरत होतो.