बोट दर्यात असताना घरच्या बाईसाठी

मासेमारीचा ट्रॉलर आठ-दहा दिवसांसाठी बाहेर गेला की किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइलची रेंज जाते. मग फोन लागत नाही आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. यावर एक साधा उपाय आहे, तो बोट निघण्याआधीच करायचा.

एका कागदावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, रंग, तांडेलाचं (बोटीच्या प्रमुखाचं) नाव, खलाशी किती, कोणत्या बंदरातून सुटली आणि कधी परतणार हे लिहून भिंतीला लावा. खाली मालकाचा आणि मच्छीमार सोसायटीचा नंबर, शिवाय तटरक्षक दलाचा 1554. खरंच गरज पडली तर बोटीचं नाव नि नंबर आधी विचारतात, आणि घाबरल्यावर नेमकं तेच आठवत नाही. ठरल्या दिवसापेक्षा किती उशीर झाला तर मालकाला फोन करायचा, हे नवऱ्याशी आधीच बोलून ठेवा. तोवर फोन उशाशी नको.

खलाशांच्या घरच्या बायकांचा एक ग्रुप करा. कुणाचा निरोप आला की सगळ्यांना कळतो. वाऱ्याचा अंदाज हवामान खात्याचाच बघा, फॉरवर्ड होऊन आलेले व्हिडिओ नकोत.

आणि स्वतःचं दुखणं ‘ते आले की बघू’ म्हणून ठेवू नका. ते येतात तेव्हा मासळीचा लिलाव, हिशेब, जाळ्यांची डागडुजी, डिझेल-बर्फाची सोय यातच दिवस जातात. दाढ, गुडघा, रक्त तपासणी, सगळं ते दर्यात असतानाच उरका. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत घरात पैसा कमी असतो, तेव्हा डॉक्टर हमखास मागे पडतो.