सेल्फ कधी घेते, कधी नाही: जुन्या गाडीतला लपलेला दोष शोधताना

आप्पांची 1996 ची मारुती 800 अजून माझ्याकडे आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी ती अधूनमधून सेल्फ घेईनाशी झाली. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्'. जरा वेळ थांबलं की मुकाट्यानं चालू. एका गॅरेजनं बॅटरी बदलली, दुसऱ्यानं सेल्फ मोटर खोलून ब्रश बदलले, तरी दुखणं तेच. मेकॅनिकसमोर गाडी एकदम ठणठणीत असायची. असा दोष घडत असतानाच पकडावा लागतो, म्हणून पान्याआधी वही हातात घ्या.

माझी वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते. तारीख, पाऊस होता का, इंजिन गरम की थंड, त्या वेळी काय काय चालू होतं, एवढंच लिहायचं. सहा नोंदी झाल्या तेव्हा दिसलं की पाच वेळा गाडी पन्हाळ्याचा घाट चढून आल्यावर अडली होती. बॅटरी अशक्त असती तर थंडीतल्या सकाळी आधी कुरकुरली असती.

तरी बॅटरी मोजून घ्या. काही तास उभ्या असलेल्या गाडीत पूर्ण भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4. माझे दोन्ही आकडे बरोबर होते.

मग अर्थिंग, म्हणजे इंजिनकडून बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी करंटची परतीची वाट. जुन्या गाडीत माझा पहिला संशय कायम तिथेच असतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर टेकवा, क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशावर. लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. आता दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा 0.2 व्होल्टच्या आत हवा. माझ्या गाडीत थंड असताना 0.3 आला, आणि घाटावरून आल्यावर 1.4. सेल्फला मिळायचा जोर वाटेतच खर्च होत होता.

बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनपर्यंत जाणारी अर्थ केबल वरून अगदी चांगली दिसत होती. थिंबलच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) मागं बोटभर इन्सुलेशन कापलं तर आत हिरवा भुगा, आणि निम्म्या तारा नखानं मोडल्या. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातून तेवढ्याच जाडीची नवी केबल करून आणली, इंजिनवरची जागा पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन लावलं. आकडा 0.1 वर आला.

दिव्यांच्या बाबतीत मात्र निव्वळ मीटरवर विसंबू नका. वायरीची एकच तार शाबूत असली तरी मीटर 12 व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ करंट ओढतच नाही. होल्डरला दोन वायरी जोडून केलेला 21 वॅटचा टेस्टिंग बल्ब लावा. मंद पेटला तर जोड कच्चा आहे. बल्ब पेटता ठेवून वायरिंग वीतभर-वीतभर हलवत जा. कपलर (वायरी जोडणारे प्लास्टिकचे जोड), फ्यूज बॉक्सची मागची बाजू, दरवाज्याच्या बिजागरीजवळचं वळण. बल्ब लुकलुकला की तिथेच थांबा. ब्रेक दाबल्यावर मागची पार्किंग लाइटही मिणमिणत असेल, तर त्या दिव्याची अर्थ वायर आधी तपासा, कारण करंट परतीची वाट दुसऱ्या फिलामेंटमधून शोधतोय.

पावसातच इंजिन अडखळत असेल, तर अंधारात बॉनेट उघडून प्लगच्या वायरींवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. निळी ठिणगी बाहेर उडताना दिसली की ती वायर गेली. इंजिन चालू असताना त्या वायरींना हात लावायचा नाही, आणि ओढणी, केस नीट बांधूनच वाकायचं.

उभ्या गाडीची बॅटरी उतरत असेल तर निगेटिव्ह केबल काढून खांब आणि केबल यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावा. तेवढ्या वेळात किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडतो. 50 मिलिअँपिअरच्या वर करंट जात असला तर एकेक फ्यूज उपसा. ज्यानं आकडा पडेल त्या लाइनवर चोर आहे. आमच्या गाडीत टेप निघाला.

फ्यूज पुन्हा बसवताना 10 अँपिअरच्या जागी 10 चाच बसवा. वारंवार उडतो म्हणून 20 चा घालणं किंवा तार गुंडाळणं म्हणजे वायरिंगला आग लावणं आहे.