रिक्षाला कार, बैलगाडीला ट्रक: स्वयंचलित गाडीला रस्ता शिकवताना या चुका टाळा

शेवटच्या वर्षाला स्वयंचलित इलेक्ट्रिक गाडीचा प्रोजेक्ट घेतला, चित्रातल्या वस्तू ओळखणारं तयार मॉडेल उतरवलं, जळगाव-भुसावळ रस्त्याचा व्हिडिओ त्याला दाखवला आणि रिक्षावर ‘कार’ अशी पाटी आली, की पहिला संशय मॉडेलवर जातो. मग त्याहून मोठं मॉडेल, मग आणखी मोठं. थांबा. खोट बहुतेक वेळा शिकवायच्या चित्रांत असते.

बरीच तयार मॉडेल्स 2014 च्या ‘कोको’ या चित्रसंग्रहावर शिकलेली असतात. त्यात वस्तूंचे 80 प्रकार. झेब्रा आहे, जिराफ आहे. रिक्षा, ट्रॅक्टर, बैलगाडी नाही. यादीत नसलेल्या वस्तूला मॉडेल जवळचं नाव चिकटवतं, नाहीतर ती सोडूनच देतं. ‘सिटीस्केप्स’ हा दुसरा चित्रसंग्रह घ्याल तर ती मुख्यतः जर्मन शहरं, दिवसाउजेडी आणि स्वच्छ हवेत टिपलेली. त्यापेक्षा हैदराबादच्या ट्रिपल आयटी या संस्थेचा ‘इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट’ हा चित्रसंग्रह बरा, त्यात रिक्षा स्वतंत्र आहे. त्यावर आपल्या रस्त्यांची चित्रं घाला.

सगळ्यात फसवी चूक पुढची. चाचणीत नव्वदीच्या वर गुण आणि रस्त्यावर बोंब, असं झालं तर चित्रांची विभागणी कशी केली ते आधी बघा. व्हिडिओत सेकंदाला साधारण 30 फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं असतात. त्या पत्त्यांसारख्या पिसून 80 टक्के शिकवायला आणि 20 टक्के परीक्षेला ठेवल्या, की सावद्याजवळचा तोच केळीचा ट्रक दोन्हीकडे येतो. म्हणजे पेपर आधीच फुटला. परीक्षेतलं कुठलंही चित्र उचला आणि त्याचं जुळं शिकवणीत आहे का शोधा. सापडलं तर ते गुण फाडून टाका. विभागणी रस्त्यानुसार आणि दिवसानुसार हवी: फैजपूर-रावेर शिकवायला, तर धुळे-शिरपूर परीक्षेला. आकडा धाडकन खाली येईल. गाइडला दाखवायला जड जाईल, पण खरा आकडा तोच.

मग लेबलं, म्हणजे शिकवायच्या चित्रात वस्तूभोवती चौकट काढून तिला दिलेलं नाव. कडब्याने भरलेली बैलगाडी मागून पाहिली तर बैल दिसतच नाहीत, नुसता चालता ढीग. चौकट कुठवर काढायची? एक जण कडब्यासकट काढतो, दुसरा फक्त चाकांभोवती, आणि मॉडेल दोघांच्या मध्ये कुठेतरी चौकट काढायला शिकतं. नियम आधी लिहून काढा: लादलेला माल चौकटीत घ्यायचा, कारण धडक मालालाही बसते. कापसाच्या ट्रॉलीलाही हेच. नंतर तीच 50 चित्रं दोघांना वेगवेगळी देऊन चौकटी ताडून बघा. जिथे जुळत नाहीत, तिथे नियम अपुरा आहे.

एकाच वस्तूचं नाव फ्रेमगणिक बदलत असेल तर ते किरकोळ समजू नका. मार्च 2018 मध्ये अमेरिकेतल्या टेम्पी शहरात उबरच्या चाचणी गाडीने रात्री सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या बाईला कधी वाहन, कधी सायकल, कधी भलतंच काही ठरवलं. नाव बदललं की आधीचा माग पुसला जाई, त्यामुळे ती कुठे चालली आहे हे गाडीला कळलं नाही. तिचा त्यात मृत्यू झाला. तेव्हा नाव सलग किती फ्रेम टिकतं, हेही मोजा.

लांबचं दिसत नसेल तर चित्राचा आकार तपासा. 1920 पिक्सेल रुंदीचं चित्र 640 वर आणलं, की 30 पिक्सेलची मोटारसायकल 10 पिक्सेलची होते. इकडे ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदात 22 मीटर पुढे गेलेली असते. चित्रं आरशासारखी उलटवून संख्या वाढवत असाल, तर वळणाच्या पाट्या वगळा, नाहीतर डावं वळण उजवं होतं.

गाडी रस्त्यावर चालता चालता आपोआप शिकेल, या भरवशावरही राहू नका. गाडीत चढवलेलं मॉडेल सहसा गोठवलेलं असतं, म्हणजे चालताना ते बदलत नाही. चुकलेल्या फ्रेम वेचायच्या, लेबल लावायचं, संगणकावर पुन्हा शिकवायचं आणि नवी आवृत्ती चढवायची. वेचताना रात्रीच्या फ्रेम आधी घ्या. मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या त्यांतच सापडतात.