जुन्या गाडीत ट्रॅकर बसवताना

इंदूरच्या रामबागेत नाहीतर राजवाड्याजवळच्या बोळात रात्रभर उभी असलेली कार्ब्युरेटरवाली मारुती 800 चोराला सोपी. तिच्यात इमोबिलायझर (खरी किल्ली नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) नसतोच. म्हणून ट्रॅकर, म्हणजे गाडी कुठे आहे ते मोबाइलवर दाखवणारं यंत्र, बसवा; 4जीच घ्या. स्वस्त 2जी यंत्रात जिओचं सिम चालत नाही.

लाल वायर बॅटरीच्या प्लसला, मध्ये 2 अँपिअरचा फ्यूज, तोही बॅटरीलगत. काळी बॉडीला. आधी पॉलिश पेपरने तिथला रंग खरवडा, नाहीतर अर्थिंग कच्चं राहतं आणि यंत्र मधूनच बंद पडतं. तिसरी, किल्ली फिरवल्यावरच टेस्ट लॅम्प पेटतो त्या वायरला. यंत्र डॅशबोर्डच्या प्लास्टिकखाली, अँटेनाची बाजू वर; पत्र्याखाली जीपीएस पकडत नाही.

इंजिन बंद करणारा रिले (विजेने चालणारा स्विच; 12 व्होल्ट, 40 अँपिअर) इग्निशन कॉइलच्या प्लस वायरीत, 30 आणि 87ए या पिनांवर (या एरवी जुळलेल्या असतात). या गाडीचा पेट्रोलपंप यांत्रिक, तोडायला वायरच नाही. चुकून 87 वर जोडलात तर गाडी सुरूच होणार नाही (हा घोळ गॅरेजवालेही करतात). धावत्या गाडीचं इंजिन या रिलेने बंद करू नका.

गाडी पडून राहिली की ट्रॅकर जुनी बॅटरी उतरवतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरवा. चोरी झालीच तर स्वतः पाठलाग नको, 112 ला फोन करून लोकेशन सांगा.