जू बसतं तिथे हात फिरवा: कृतज्ञतेची वही लिहायची कशी

पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्या गावाकडे, म्हणजे यवतमाळकडे, बैलांची खांदशेकणी असते. बाबा बैल धुऊन आणायचे, मग लोणी आणि हळद कालवून पळसाच्या पानाने त्यांचा खांदा शेकायचे, सगळं अंग नाही, फक्त खांदा, जिथे वर्षभर जू बसून कातडीला घट्टे पडलेले असतात तेवढीच जागा. आणि मग बैलाच्या जवळ जाऊन म्हणायचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी लहान असताना एकदा मोठ्या प्रेमाने बैलाच्या पाठीवरच लोणी चोळत बसले होते, तर बाबा म्हणाले, "पाठीले नको पोरी, जू इथं बसते, हात इथंच फिरला पाहिजे."

कृतज्ञतेबद्दल मला जे सांगायचंय ते खरं तर या एका वाक्यात आलं. पण ते माझ्या डोक्यात शिरायला चाळिशी उलटावी लागली आणि मधे एक फार वाईट वर्ष जावं लागलं, नवऱ्याची नोकरी गेली, त्याच्या दोन महिन्यांनी आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे दवाखान्यात होती. त्या दिवसांत मैत्रीण म्हणाली, रोज रात्री कृतज्ञतेची वही लिही, बरं वाटेल. मी लिहायला घेतली. घर आहे, मुलं चांगली आहेत, दोन वेळचं जेवण मिळतंय. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच, पंधरा दिवसांत ती शाळेतली हजेरी झाली आणि मी वही बंद केली. पुष्कळ जणांचं असंच होतं म्हणून हे लिहितेय, कारण चूक वहीत नसते, लिहिण्याच्या पद्धतीत असते, आणि ती सुधारता येते.

तर आधी वही. साधी शंभर पानी, उशाशी ठेवायची, पेन तिच्यातच अडकवून. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल पण फोन उघडला की मेसेज दिसतात आणि मन तिकडे जातं, त्यामुळे मला वहीच बरी वाटते. रात्री झोपायच्या आधी तीन गोष्टी लिहायच्या, दहा मिनिटं लागतात, जास्त नाही.

आता महत्त्वाचं. प्रत्येक गोष्टीत तीन प्रश्नांची उत्तरं आली पाहिजेत, कोणी केलं, नेमकं काय केलं, आणि ते का घडलं. "नवरा समजूतदार आहे" हे लिहून काहीच होत नाही, हे पाठीला लोणी लावणं झालं. त्याऐवजी मी असं लिहिते, "सकाळी मी मीटिंगमध्ये होते तेव्हा त्याने न सांगता गॅसवरचं दूध बघितलं, माझ्या मीटिंगची वेळ त्याने लक्षात ठेवली होती." किंवा मागच्या आठवड्यातली ही नोंद, "भाजीवाल्या काकूंनी मी उचललेली मेथीची जुडी हातातून काढून घेतली, म्हणाल्या ही नको ताई, आतून पिवळी पडलीय, आणि दुसरी दिली. मला कळलंही नसतं, त्यांची एक जुडी मात्र वाया गेली." हे लिहिताना मला पहिल्यांदा जाणवलं की त्या काकूंनी त्यात स्वतःचे पैसे सोडले. दुपारी भाजी घेताना हे अजिबात डोक्यात आलं नव्हतं, रात्री "का" लिहायला बसले तेव्हा आलं. म्हणजे बघा, वही फक्त आठवण ठेवत नाही, जे दिसलंच नव्हतं ते दाखवते.

हा "का" चा भाग मी माझ्या मनाने घातलेला नाही. मार्टिन सेलिगमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता, त्यात लोकांना आठवडाभर रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि प्रत्येकीचं कारण लिहायला सांगितलं होतं. सहा महिन्यांनीसुद्धा त्यांचा मूड तुलनेने चांगला होता, आणि मुख्य म्हणजे जास्त फायदा त्यांना झाला ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं. त्याच्या आधी २००३ मध्ये रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते, एका गटाने दहा आठवडे दर आठवड्याला कृतज्ञता वाटेल अशा पाचपर्यंत गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने कटकटी लिहायच्या, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते लिहायचं. पहिल्या गटाला आपलं आयुष्य एकूण बरं चाललंय असं इतरांपेक्षा जास्त वाटलं, येणाऱ्या आठवड्याबद्दल आशा जास्त वाटली, आणि ते व्यायामही जास्त करत होते. मात्र पुढे असे खूप अभ्यास झाले आणि एकत्र पाहिलं तर परिणाम खरा आहे पण माफक आहे, आयुष्य एका रात्रीत पालटतं असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

रोज लिहायचं की आठवड्यातून एकदा, हा प्रश्न मला हमखास विचारतात. माझं उत्तर असं आहे की पहिले दोन आठवडे रोज लिहा, कारण डोळ्याला सवय लागायला हवी, आणि नंतर आठवड्यातून एकदाच, रविवारी रात्री वगैरे. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला आणि तीनदा लिहिणाऱ्यांना तो दिसला नाही, बहुधा सारखं केलं की त्याचंही रूटीन होतं म्हणून. मन कशालाही सरावतं, नव्या फ्लॅटलाही सरावतं आणि कृतज्ञतेलाही. ज्या आठवड्यात तुम्हाला वाटेल की आपण कालचंच परत लिहितोय, त्या आठवड्यात वही मिटून ठेवा, काही बिघडत नाही.

आणि लिहायला काहीच सुचत नसेल तर उलटं करून बघा. एखादी चांगली गोष्ट घ्या आणि ती आयुष्यात आलीच नसती तर काय झालं असतं ते लिहा. मी एकदा माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीबद्दल असं लिहिलं, आमची ओळख एसटी स्टँडवर झाली होती, माझी अमरावतीची गाडी पाच मिनिटांनी चुकली म्हणून मी बाकावर बसले आणि शेजारी ती. गाडी मिळाली असती तर? मग मला मुंबईच्या नोकरीची जाहिरात कोणी दाखवली असती, बाळंतपणात रात्री दोन वाजता फोन कोणाला केला असता, असं लिहीत गेले आणि पान भरलं आणि डोळेही भरले. २००८ मध्ये काही संशोधकांनी हेच जोडीदार असलेल्या लोकांवर करून पाहिलं होतं, आपण कसे भेटलो हे लिहिणाऱ्यांपेक्षा आपण भेटलोच नसतो तर काय, हे लिहिणारे आपल्या नात्याबद्दल जास्त समाधानी निघाले. महिन्यातून एकदा पुरे आहे हे, पण करा.

याने नजर बदलते म्हणजे काय होतं, तर माझ्यापुरतं सांगते. अडचणी तेवढ्याच राहिल्या, नवऱ्याला नोकरी मिळायला त्यानंतरही सात महिने लागले, आणि त्या काळात नातेवाइकांपैकी ज्यांनी फोन उचलणं बंद केलं त्यांचं वाईट अजूनही वाटतं. फक्त आधी मला तेच फोन मोजायची सवय होती. कोण आलं नाही, कोण काय बोललं, याचा हिशोब मन न सांगता ठेवतं, कारण धोक्याकडे आधी बघायचं ही त्याची मूळ सवयच आहे. दुसऱ्या बाजूचा हिशोब मात्र कोणीतरी मुद्दाम लिहावा लागतो. दोन महिन्यांनी मला दिवसाच, घटना घडत असतानाच कळायला लागलं, की अरे, हे आज रात्री लिहायचंय. शेजारच्या आजोबांनी आमचा पेपर पावसात भिजू नये म्हणून दाराच्या आत सरकवला, हे मी जिना उतरताना बघितलं आणि थांबले. तीन वर्षं ते सरकवत असतील, मला त्या दिवशी दिसलं.

इथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगायची आहे. ही वही कोणाचं तोंड बंद करायला वापरू नका, दुसऱ्याचं तर नाहीच आणि स्वतःचंही नाही. "तुला काय कमी आहे, जे आहे त्यात समाधान मान" हे वाक्य आपल्याकडे विशेषतः सुनांना आणि मुलींना इतक्यांदा ऐकवलं जातं की कृतज्ञता म्हटलं की सहन करणं असंच वाटतं. नाही. घरात मारहाण होत असेल, ऑफिसात पगार अडवला असेल, तर तिथे वही नको, बोलायला हवं, मदत मागायला हवी. तसंच उपकाराचं ओझं वेगळं आणि कृतज्ञता वेगळी. ज्याने केलेलं आयुष्यभर सुनावून दाखवलं त्याच्याबद्दल मनात ओढून ताणून काही आणायची गरज नाही. घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर तेव्हाही हे करू नका, दुःखाला त्याचा वेळ द्या. आणि झोप उडालीय, आठवडेच्या आठवडे कशातच मन लागत नाही, जगणं नको वाटतंय असं असेल तर तो वहीचा विषय नाही, डॉक्टरांना भेटा, किंवा सरकारच्या टेलीमानस हेल्पलाईनला १४४१६ वर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं.

आता शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात अवघड, ते म्हणजे बोलून दाखवणं. आपल्याला हे जमत नाही कारण आपल्याकडे शब्दांचीच अडचण आहे. घरच्यांना थँक्यू म्हटलं तर ते लगेच म्हणतात, मी काय परकी आहे का? आणि "आभारी आहे" म्हटलं की गॅदरिंगमधलं आभारप्रदर्शन आठवतं. म्हणून मी दोन्ही शब्द सोडून दिले. मी फक्त काय घडलं ते सांगते आणि शेवटी म्हणते, "माझ्या लक्षात आहे." सासूबाईंना म्हटलं, "आई, मी परीक्षेला बसले तेव्हा तुम्ही सहा महिने पहाटेचं पाणी भरलंत, ते माझ्या लक्षात आहे." त्या काही बोलल्या नाहीत, चहाचा कप घेऊन आत गेल्या, पण संध्याकाळी त्यांनी आपणहून स्वतःच्या शिक्षणाबद्दल सांगितलं, सातवीत शाळा कशी सुटली ते, बारा वर्षांत पहिल्यांदा.

समोर बोलायला जड जात असेल तर चिठ्ठी लिहा, पाच-सहा ओळींची, शक्य असेल तर जाऊन वाचून दाखवा, लांब असतील तर व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज टाका. समोरच्याला विचित्र वाटेल ही भीती सगळ्यांनाच असते. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी २०१८ मध्ये अशी पत्रं लिहायला लावून हेच तपासलं होतं, लिहिणाऱ्यांना वाटत होतं त्यापेक्षा पत्र मिळालेले लोक खूपच जास्त सुखावले आणि अवघडले मात्र कमी. आपले शब्द चांगले आहेत का याची काळजी आपण करत बसतो, समोरच्याला शब्दांचं काही नसतं.

आई दवाखान्यात होती तेव्हा तिथल्या एक मावशी रोज सकाळी तिची वेणी घालायच्या. ते त्यांचं काम नव्हतं, त्यांच्याकडे लादी आणि चादरी होत्या. आईला हात वर करता येत नव्हता आणि केस विस्कटलेले तिला अजिबात चालायचे नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. डिस्चार्जच्या दिवशी आम्ही सगळ्यांना पेढे दिले, त्यांनाही दिले आणि निघालो. वर्षभराने, वहीत त्यांच्याबद्दल तिसऱ्यांदा लिहिल्यावर, मी परत गेले. त्या जिन्यापाशी बादली घेऊन उभ्या होत्या, मला ओळखलं नाही. मी म्हटलं, मावशी, तुम्ही एकवीस दिवस माझ्या आईची वेणी घालत होता, खिडकीजवळचा बेड, ते आमच्या लक्षात आहे. त्यांनी बादली खाली ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "पांढरे केस होते, लांब. मऊ होते गं." मग विचारलं, "आता कोण घालतं?"

मी म्हटलं, आता तिची तीच घालते.