जुळ्या बहिणींची धमाल लिहिताय? या चुका टाळा

दोन विरुद्ध स्वभावाच्या जुळ्या बहिणी, एक महानगर, एकच दिवस. एकांकिकेसाठी किंवा लघुपटासाठी असा विषय सुचला की लिहिणाऱ्याला वाटतं, अर्धं काम झालं. २००४ चा ‘न्यूयॉर्क मिनिट’ हा अमेरिकी चित्रपट एकदा बघून घ्या. मेरी-केट आणि ॲशली ओल्सन या तेव्हाच्या लाडक्या जुळ्या, सोबत यूजीन लेव्हीसारखा कसलेला विनोदी नट, तरी चित्रपट पडला. का पडला, ते शिकण्यासारखं आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे स्वभावातला फरक कपड्यांपुरताच ठेवणं. एक टापटीप, दुसरी विस्कटलेली, एवढ्यावर दोन प्रसंग निभावतात. या चित्रपटात जेनला शिष्यवृत्तीसाठी भाषण द्यायचंय, तर तिची जुळी रॉक्सी शाळेला दांडी मारून एका बँडच्या व्हिडिओच्या चित्रीकरणाला निघालीय, तिथे आलेल्या संगीत कंपनीच्या माणसांना आपल्या गाण्यांची टेप द्यायला. लाँग आयलंडहून न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनला रेल्वेने जाताना रॉक्सीकडे तिकीट नसतं आणि दोघींनाही गाडीतून उतरवतात. हा प्रसंग जमलाय, कारण एकीच्या बेफिकिरीची किंमत दुसरी मोजते. तुमच्या संहितेत दोघींची नावं अदलाबदल करून संवाद वाचा. काहीच बिघडत नसेल, तर फरक अजून लिहिलाच गेलेला नाही.

दुसरी चूक, भांडण रंगात आलं की बाहेरून गुंड आणणं. इथे एक बेकायदा चिप येते, ती कुत्रा गिळतो आणि मग नुसती पळापळ. भाषणाचे कागद असलेली जेनची डायरी गुंडाच्या गाडीत राहते, ही खरं तर झकास अडचण होती. पण ती पाठलागात विरून जाते. त्यात तो गुंड म्हणजे चिनी कुटुंबात वाढलेला गोरा माणूस, खोटा चिनी हेल काढून बोलणारा. आज बघवत नाही. आपल्या एकांकिकांत भय्याचा किंवा अण्णाचा हेल काढून मिळवलेला हशा याच जातीचा. खुशाल काढून टाका.

मध्येच पार्लरमध्ये नेऊन गाण्यावर कपडे बदलायला लावणं हा तर निव्वळ वेळकाढूपणा.

‘ही ती नव्हेच’ हा घोटाळा पहिल्याच प्रसंगात खर्च करू नका. चित्रपटात शेवटी जेनच्या जागी रॉक्सी भाषणाला उभी राहते. तिला ते झेपणारं नाही हे आपल्याला तोवर पक्कं कळलेलं असतं, म्हणून तिच्या हातून कागद पडतात तेव्हा पोटात गोळा येतो.

एकाच मुलीकडून दोन्ही भूमिका करून घेणार असाल, तर तिला एकदा चौकटीच्या डावीकडे, एकदा उजवीकडे उभं करून दोन टेक घ्यायचे आणि दोन्हींचे अर्धे भाग जोडायचे. यात घात बहुधा कॅमेऱ्यापाशी होतो. फोन तिपाईवर घट्ट बसवा, फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) लॉक करा. नाहीतर दोन टेक जोडताना भिंतीचा रंगच मध्येच बदलतो. जोडरेषेवरून हात किंवा सावली जाऊ देऊ नका. खिडकीच्या उजेडात दोन टेकमध्ये तास गेला, तर सावल्या सरकलेल्या दिसणारच. नजर चुकत असेल, तर दुसरीच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला चिकटपट्टी लावा. आणि मिठीच हवी असेल, तर त्याच बांध्याची मैत्रीण पाठमोरी उभी करा.