पीसी दुरुस्तीला देण्याआधी : डिझाइनच्या फाइली, फॉन्ट आणि सेटिंग कसं वाचवायचं

‘विंडोज नव्याने टाकावं लागेल’ असं सांगितलं की डीटीपी आणि फ्लेक्सच्या कामातले बहुतेक जण म्हणतात, ‘टाका, काम सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे.’ ते पूर्ण खरं नसतं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स ही तिन्ही फोल्डरं सी ड्राइव्हवर असतात आणि ग्राहकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेला लोगो नेमका डाउनलोड्समध्येच पडलेला असतो. फॉन्ट, ब्रश, ॲक्शन, वर्कस्पेसही सीमध्येच. शिवाय विंडोज टाकताना घाईत सगळीच पार्टिशन उडवली, तर डीसुद्धा जातो. एसएसडीवरून असा गेलेला डेटा बहुधा परत मिळतच नाही, कारण फॉरमॅटनंतर रिकामी ठरलेली जागा ‘ट्रिम’ या एसएसडीच्या स्वतःहून जागा साफ करणाऱ्या सोयीमुळे आतून पुसली जाते. जुन्या हार्ड डिस्कवर रिकव्हरीची जी आशा असायची ती इथे धरू नका.

म्हणून फोल्डरच्या क्रमाने कॉपी करू नका. जे पुन्हा कुठूनच मिळणार नाही ते आधी घ्या : चालू कामं, ग्राहकांचे लोगो, फॉन्ट, सेटिंग. सॉफ्टवेअर पुन्हा मिळतं, डाउनलोड केलेल्या टेम्प्लेट आणि क्लिपआर्टही मिळतात.

सुरुवात डिस्कच्या तब्येतीपासून करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे छोटं मोफत सॉफ्टवेअर चालवा. हार्ड डिस्कपुढे पिवळ्यात ‘कॉशन’ दिसलं, किंवा ०५, सी५, सी६ या ओळींच्या रॉ व्हॅल्यू शून्याच्या वर असल्या, तर डिस्कचे सेक्टर बिघडू लागलेत असं समजा. अशा डिस्कवर डीफ्रॅग किंवा चेकडिस्क चालवू नका, त्याने तिच्यावर आणखी ताण येतो. थेट महत्त्वाच्या फाइली काढून घ्या. डिस्क टकटक आवाज करत असेल तर कॉपीही करू नका. पीसी बंद करा आणि डिस्क डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.

आता फॉन्ट. सगळ्यात जास्त कामं अडतात ती इथे. नागपुरात एकाच लग्नपत्रिकेत मराठी आणि हिंदी दोन्ही मजकूर येतो, आणि जुनी कामं कृतिदेव, शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतात. या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागेवर बसवलेलं असतं. फॉन्ट गेला की पत्रिकेतल्या नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. त्याच नावाचा फॉन्ट दुसरीकडून आणला तरी त्याची अक्षररुंदी वेगळी निघू शकते, मग ओळी वेगळ्या जागी तुटतात. तुमच्या पीसीवर आहे तोच फॉन्ट जपायला हवा.

फॉन्ट दोन ठिकाणी असतात. एक, सी ड्राइव्ह → विंडोज → फॉन्ट्स. दुसरं ठिकाण फार जणांना माहीत नसतं : विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून फॉन्टवर डबल क्लिक करून नुसतं ‘इन्स्टॉल’ केलं, तर तो फक्त त्या युजरपुरता बसतो आणि जाऊन पडतो सी → युजर्स → तुमचं नाव → ॲपडेटा → लोकल → मायक्रोसॉफ्ट → विंडोज → फॉन्ट्स इथे. ॲपडेटा लपवलेलं असतं. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून ‘हिडन आयटम्स’ चालू करा, मग ते दिसेल. दोन्ही फोल्डरं पूर्ण कॉपी करा, निवडत बसू नका. पेजमेकरच्या काळातले टाइप १ फॉन्ट असतील तर पीएफबी आणि पीएफएम अशा दोन्ही फाइली घ्या, एक राहिली तर दुसरीचा उपयोग नाही.

कोरलड्रॉमध्ये चालू कामांसाठी फाइल मेनूतलं ‘कलेक्ट फॉर आउटपुट’ वापरा. सीडीआर (कोरलची मूळ फाइल), त्यातले फॉन्ट आणि हवी तर पीडीएफ, सगळं एका फोल्डरात येतं. छापून झालेल्या कामांची एक प्रत सगळा मजकूर निवडून कंट्रोल-क्यूने कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) ठेवा, पण ती वेगळ्या नावाने. मूळ फाइलवरच कर्व्ह करून सेव्ह केलं, तर पुढच्या वर्षी त्याच पत्रिकेतली तारीख बदलता येणार नाही. टूलबार आणि शॉर्टकट स्वतःच्या सवयीने लावले असतील तर वर्कस्पेस एक्स्पोर्ट करा. मॅक्रो वापरत असाल तर ॲपडेटा → रोमिंग → कोरल हे फोल्डरही उचला. ‘बॅकअप ऑफ’ आणि ‘ऑटोबॅकअप ऑफ’ अशा नावांच्या फाइली कचरा समजून सोडू नका. मूळ फाइल उघडली नाही, तर काम बहुधा त्यांच्यातूनच परत मिळतं.

फोटोशॉपमध्ये एडिट → प्रीसेट्स → एक्स्पोर्ट/इम्पोर्ट प्रीसेट्समधून ब्रश, स्टाइल, ॲक्शन बाहेर काढा. शिवाय ॲपडेटा → रोमिंग → ॲडोबी → फोटोशॉपच्या तुमच्या आवृत्तीचं सेटिंग्ज फोल्डर घ्या. ते फोटोशॉप पूर्ण बंद करून मगच कॉपी करा, कारण बरीचशी प्राधान्यं बंद होतानाच लिहिली जातात. इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये फाइल → पॅकेज केल्याशिवाय लिंक केलेले फोटो सोबत येत नाहीत. ॲडोबी फॉन्ट्सवरून चालू केलेले फॉन्ट पॅकेजमध्येही येत नाहीत, त्यांची नावं लिहून ठेवा.

सॉफ्टवेअरबाबत एक गैरसमज काढून टाकायला हवा : ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डर कॉपी करून सॉफ्टवेअर परत येत नाही. रजिस्ट्रीतल्या नोंदी आणि लायसन्सची माहिती त्या फोल्डरात नसते. इन्स्टॉलर, सीरियल नंबर, खरेदीचं बिल आणि ज्या ईमेलवर घेतलं तो ईमेल, या चार गोष्टी हव्यात. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या हेल्प → अबाउटचा फोटो मोबाइलवर काढा. नव्या कोरलची सीडीआर जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, त्यामुळे ‘कोरल टाकून द्या’ एवढं सांगणं पुरेसं नाही, आवृत्ती सांगा. ॲडोबी एका वेळी दोनच पीसीवर सक्रिय राहतं, म्हणून हेल्प मेनूतून साइन आउट करा.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे आता दुरुस्तीवाला बहुधा विंडोज ११ टाकेल. ते फक्त ६४ बिटचं आहे. जुन्या हार्डवेअर लॉकचा, म्हणजे सॉफ्टवेअर चालायला पीसीला लावाव्या लागणाऱ्या डाँगलचा, ३२ बिटचा ड्रायव्हर त्यावर चालणार नाही. श्रीलिपी किंवा फ्लेक्स मशीनचं रिप (डिझाइन छपाईसाठी तयार करून मशीनला पाठवणारं सॉफ्टवेअर) डाँगलवर चालत असेल, तर ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का हे आधी विचारा. जमत असेल तर क्लोनझिला या सॉफ्टवेअरने सगळ्या डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) काढून ठेवा, म्हणजे वेळ आली तर जुना सेटअप जसाच्या तसा परत येईल. रिपमधली मशीनची सेटिंग, स्टेप कॅलिब्रेशन (फ्लेक्स पुढे सरकण्याचं माप) आणि सी → विंडोज → सिस्टम३२ → स्पूल → ड्रायव्हर्स → कलर इथली आयसीसी प्रोफाइल (रंग जुळवणाऱ्या फाइली) यांचीही प्रत घ्या. ही गेली तर रंग पुन्हा जुळवण्यात किती मीटर फ्लेक्स वाया जाईल याचा अंदाज मशीन चालवणाऱ्याला असतो. डाँगल पीसीसोबत देऊ नका, तो काढून स्वतःजवळ ठेवा.

लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलणार असतील तर सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. बोर्ड बदलल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डिस्क शाबूत असूनही उघडत नाही. की मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर सापडते, कागदावर उतरवून घ्या.

कॉपीसाठी निळ्या यूएसबी ३ पोर्टला एक्स्टर्नल डिस्क लावा. २०० जीबीला सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने सुमारे ३५ मिनिटं लागतात. यूएसबी २ वर ३० एमबीच्या वेगाने जवळजवळ दोन तास. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी पीएसबी (फोटोशॉपची मोठी फाइल) त्यात जाणारच नाही, आधी तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पावसाळी वादळात वीज जाते, तेव्हा यूपीएसशिवाय कॉपी लावू नका. टेराकॉपी या कॉपीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ चालू ठेवा, नाहीतर दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टी उघडून फाइलींची संख्या आणि ‘साइज’ जुळवा. ‘साइज ऑन डिस्क’ वेगळा दिसू शकतो, त्याने घाबरू नका. मग दुसऱ्या पीसीवर त्यातल्या पाच-सहा फाइली उघडून बघा. वनड्राइव्हमध्ये ढगाचं चिन्ह असलेली फाइल तुमच्या डिस्कवर नसते, तीही डाउनलोड करून घ्या.

पीसी चालूच होत नसेल तर डिस्क काढून बाहेरून वाचता येते. २.५ इंची डिस्क यूएसबी-साटा केबलवर चालते, ३.५ इंचीला वेगळा १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो. एम.२ एसएसडी असेल तर साटा की एनव्हीएमई हे पाहूनच एन्क्लोजर (डिस्क बाहेरून जोडायची पेटी) घ्या. आणि बिघाड स्क्रीनचा किंवा पॉवर सप्लायचा असेल, तर डिस्क काढून घरी ठेवून पीसी देणं सगळ्यात सुरक्षित.

नागपुरातल्या सीताबर्डीला किंवा आणखी कुठे दुरुस्तीला देताना पावतीवर ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या, डिस्कचा सीरियल नंबरही नोंदवा. मे महिन्यात बॅकअपची डिस्क गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. नागपुरात बाहेर ४५ अंश असताना बंद डिक्कीचं तापमान त्याहून बरंच वर जातं, आणि हार्ड डिस्क साधारण ६० अंशांपर्यंतच चालण्यासाठी बनवलेली असते.

पीसी परत आल्यावर आधी फॉन्ट टाका, राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल युजर्स’ने. मगच कोरल उघडा. उघडताना फॉन्ट बदलण्याची खिडकी आली तर फाइल सेव्ह न करता बंद करा, राहिलेला फॉन्ट टाका आणि पुन्हा उघडा. घाईत ‘पर्मनंट’ निवडून सेव्ह केलं की मूळ फॉन्टचं नाव फाइलमधून जातं. बॅकअपची डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा, कारण कुठली फाइल राहिली हे बहुधा ग्राहक जुनी पत्रिका घेऊन आल्यावरच कळतं.